नातेवाईकांचा नकार

६ जानेवारी

दादा,

पत्राच्या सुरुवातीला तिकडे सगळे खुशाल असतील असं लिहायची पद्धत आहे. पण सगळे म्हणजे तू एकटाच, आणि तू खुशाल आहेस की नाही हे मी चोवीस वर्षांत धड विचारलेलं नाही. तेव्हा ते राहू दे. फोन करत नाही, कारण फोनवर तू दोनदा 'हं' म्हणतोस, एकदा 'बरं' म्हणतोस, आणि मग आपण दोघंही दुसऱ्याने फोन ठेवायची वाट बघत बसतो.

बातमी चांगली आहे. भिंगरीचं शिक्षण पुरं झालं. तुझी लेक आता नावामागे डॉक्टर लावते, आणि कुणी 'डॉक्टर' म्हणून हाक मारली की अजून मागे वळून बघते, आपल्यालाच म्हणाले की काय म्हणून.

आता पहिली दोन वर्षं तिला सरकारी दवाखान्यात काढायची आहेत. रिकाम्या जागांची यादी लागली आहे. मार्कांप्रमाणे ज्याने त्याने जागा निवडायची, आणि हिचा नंबर इतका वर आहे की ती म्हणेल ती जागा मिळेल. यादीत आपलं गावही आहे. चार वर्षं दवाखान्याला कुलूप आहे म्हणे. तू केलेला दरवाजा अजून असेल तर त्यालाच असेल ते कुलूप.

काल यादी माझ्या टेबलावर पसरून ती एकेका नावावरून बोट फिरवत होती. आपल्या गावावरून बोट तसंच पुढे गेलं, वाटेतला चिखल चुकवावा तसं.

मी म्हटलं, "हे बघितलंस का?"

"बघितलं."

"मग?"

"आत्या, तिथं बाबा आहेत."

एवढंच म्हणाली आणि पुढची नावं वाचायला लागली.

गेल्या महिन्यात विद्यापीठातली एक मुलगी माझ्याकडे छापील प्रश्न घेऊन आली होती. खेड्यातून आलेले डॉक्टर शेवटी कुठं काम करतात आणि का, याचा अभ्यास करते आहे. खेड्यातल्या पोरांना डॉक्टर केलं की ती खेड्यात परत जातात, असं मोठ्या लोकांचं म्हणणं. मी परत गेले होते, आणि साडेतीन वर्षांनी निघूनही आले, म्हणून मी तिच्या कामाची. गाव सोडण्याचं कारण? खाली चौकटी होत्या. सोयी नव्हत्या, एकटेपणा, पुढचं शिक्षण, इतर. 'इतर'पुढे लिहायला अर्धी ओळ होती. मी 'सोयी नव्हत्या'वर खूण केली. ती आभार मानून गेली.

माझं रक्तपेढीतलं काम तेच चाललंय. रक्तपेढी रुग्णालयाच्या तळघरात आहे. चार थंड कपाटं, त्यांची घरघर, पिशव्यांवर गट आणि नंबर. इथं कोण कुणाचं कोण, हे कळत नाही. वरून चिठ्ठी येते, खालून पिशवी जाते.

माझं एक काम कर. भिंगरीला दोन ओळी लिही. ये म्हण. तू बोलावलंस तर ती निदान विचार करेल. तुझं वय झालं, गावाला डॉक्टर नाही, आणि ती दुसऱ्या कुणाची नाही, तुझीच मुलगी आहे. बाकी जुनं उगाळायला मी हे पत्र लिहीत नाही.

तुझी
धाकटी


२९ जानेवारी

दादा,

तू लिहिलं नाहीस, पण फोन केलास. भिंगरीने सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी आपणहून फोन केला, म्हणाली. तेव्हा ती माझ्याच स्वयंपाकघरात भांडी विसळत उभी होती. ओल्या हाताने फोन घेतला आणि गच्चीत गेली. परत आली ती रागाने लाल होऊन. तुमचं काय बोलणं झालं ते तिने मला जसंच्या तसं सांगितलं. तू काय म्हणालास ते तुला माहीत आहेच, पण माझ्या कानावर ते कसं पडलं हे तुला कळावं म्हणून लिहिते.

तू म्हणालास, "आत्या म्हणते तर ये. तिचं मी एकदा ऐकलं नाही, त्याचं काय झालं ते तुला ठाऊक आहे."

तिने विचारलं, "बाबा, तुम्ही आईला न्यायला नाही का म्हणालात?" एवढ्या वर्षांत तिने हे तुला कधी विचारलं नव्हतं. तिच्या आजीने लहानपणीच सांगून ठेवलं होतं, घरात डॉक्टर असताना तुझ्या बापाने ऐकलं नाही. त्यापुढे विचारायचं काय उरलं?

तू म्हणालास, "मला आठवत नाही. पुष्कळ आठवून बघितलं. पण तुझ्या आत्याने तेव्हाच कागदावर लिहून ठेवलंय, आणि ती खोटं बोलणारी नाही."

"सोयीस्कर विसरले," भिंगरी मला म्हणाली. "माणूस स्वतःच्या बायकोला मरू देतो आणि म्हणतो आठवत नाही." मग तिने तेच पातेलं पुन्हा विसळायला घेतलं.

दादा, तू असं मनाला लावून घेऊ नकोस. तो दिवस धावपळीचा होता. अशा वेळी कोण काय बोललं ते कुणाच्याच नीट लक्षात राहत नाही. तू सुतार माणूस, तुला बाळंतपणातलं काय कळणार? चूक तुझ्या एकट्याची नव्हती. मीही जरा जोर देऊन सांगायला हवं होतं. एवढंच तुला कळवायचं होतं.

तुझी
धाकटी


३१ जानेवारी

दादा,

परवा लिहिलं की मी जोर देऊन सांगायला हवं होतं. ते पत्र पेटीत टाकलं आणि दोन दिवस कामावर माझं लक्ष नाही. काल एका पिशवीवर चुकीचा नंबर लिहिला. बरोबरच्या बाईंनी वेळेवर बघितलं म्हणून निभावलं. त्या म्हणाल्या, घरी जा. घरी आले आणि लिहायला बसले. दुपारचे तीन वाजलेत. कागद फाडायचा नाही असं ठरवून लिहिते आहे.

मी जोर देऊन सांगितलं नाही, असं नाही. मी सांगितलंच नव्हतं.

तू हे वाचताना उभा असशील तर बस.

आधी तुला ते दिवस आठवतायत का बघ. मी दवाखान्यात येऊन तीन वर्षं व्हायला आली होती. लोक येत, पण कशासाठी? खोकला, खरूज, पोटदुखी. जरा जास्त असलं की पूल ओलांडून मोठ्या रुग्णालयात. माझ्या देखत टेम्पोत बसत आणि वर मलाच हात करत. गिरणीवाल्याचे वडील घसा दाखवायला आले की 'आ' करण्याआधी म्हणत, "तुला मी खांद्यावर घेऊन फिरवलंय गं." ज्याने मला खांद्यावर घेतलंय तो माझ्या हातात आपला जीव कसा देणार? सगळ्या गावाला मी धाकटीच होते. तू माझ्यासाठी दवाखान्याबाहेर बाक करून दिलास, त्या बाकावर बसून लोक माझ्याच तोंडावर पुलापलीकडच्या डॉक्टरची तारीफ करायचे.

मग वहिनीच्या बाळंतपणाआधी दोन महिने ती एक अवघड केस आली, पायाळू मूल, आणि दोघंही वाचली. त्यानंतर गाव बदललं. पहिल्यांदा बायका म्हणायला लागल्या, "धाकटीकडेच करू." ते ऐकायला मी तीन वर्षं कान टवकारून बसले होते, दादा.

वहिनी बाळंत झाली सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी. नर्सबाई लस टोचायला वाड्यावस्त्यांवर गेल्या होत्या. भिंगरी रडली, वार नीट पडली, तुझ्या सासूबाई बाळाला पुसून गुंडाळून घरी घेऊन गेल्या. खोलीत मी आणि वहिनी. तू दाराशी. पावसाने फुगलेला तो दरवाजा लागत नव्हता, आणि तुला नुसतं बसवत नव्हतं, म्हणून तो उतरवून बाहेर बाकावर आडवा टाकून तू रंधा मारत होतास.

रक्त थांबत नव्हतं. फार नव्हतं, पण थांबत नव्हतं. गर्भाशय आवळून यायला हवं ते हाताखाली मऊच लागत होतं. मी पोट चोळलं, इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं. पुस्तकात होतं ते सगळं केलं. नाडी शहाण्णव होती. अर्ध्या तासाने एकशे आठ. पुस्तकात त्यापुढची ओळही होती, पेशंट हलवा. रक्त माझ्याकडे नव्हतं, ते पुलापलीकडे होतं. मला हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं मी स्वतःलाही कधी सांगू शकले नाही.

साडेअकराला रंध्याचा आवाज थांबला. तू दारात आलास. तुझ्या केसांत भुसा होता. तू म्हणालास, "धाकटे, गाडी आणू का?"

हे तू म्हणालास, दादा. मी नाही.

मी म्हटलं, "थांब. होईल कमी."

आणि वहिनीने मान तुझ्याकडे वळवली, हसलीसुद्धा, आणि म्हणाली, "वन्सं म्हणतात ना, मग थांबा की."

तू परत गेलास. रंधा पुन्हा सुरू झाला.

सव्वाबाराला तू पुन्हा आलास. आता खाटेखालचा कपडा तुझ्या नजरेला पडला. तू म्हणालास, "मी गिरणीवाल्याला सांगून येतो, टेम्पो नुसता उभा तर राहू दे." आणि मी तुझ्यावर ओरडले, "डॉक्टर तू आहेस की मी?" तू माझा मोठा भाऊ. लहानपणी मी एकदा तुझ्यावर आवाज चढवला तर आईने मला दिवसभर उभं केलं होतं. त्या दिवशी तू मान खाली घातलीस आणि बाहेर गेलास. रंधा मात्र नंतर वाजला नाही.

त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते लिहिते. माझ्या मनात होतं की डॉक्टरने स्वतःच्या भावजयीला पूल ओलांडून पाठवलं, हे संध्याकाळपर्यंत त्या बाकावर बसून सगळं गाव बोलेल. आणि परत सगळे टेम्पोत बसतील. वहिनीच्या नाडीवर माझं बोट होतं आणि मनात हे होतं.

एक वाजून दहा मिनिटांनी मी स्वतः धावत बाहेर आले आणि टेम्पो आण म्हणाले. तू पळालास. टेम्पोत वहिनीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. पूल यायच्या आधी तिने विचारलं, "वन्सं, बाळ कुणाजवळ दिलंत?" मी म्हटलं, "तुमच्या आईंजवळ." ती "हं" म्हणाली. पुलावर मी नाडी शोधत होते.

मोठ्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात त्यांनी मला छापील कागद दिला. बाळंतपणात बाई गेली की भरावाच लागतो. त्यात एक रकाना होता. हलवण्यास उशीर होण्याचे कारण. तिथले मोठे डॉक्टर समोरच उभे होते. मी लिहिलं : सकाळी साडेअकरा वाजता हलवण्याचा सल्ला दिला. नातेवाईकांचा नकार.

खाली नातेवाईकाची सही लागते. तू भिंतीला टेकून जमिनीवर बसला होतास. मी कागद तुझ्या गुडघ्यावर ठेवला. तू विचारलंस, "काय लिहिलंयस?"

मी म्हटलं, "झालं ते."

तू सही केलीस.

त्यानंतर मला फारसं काही करावं लागलं नाही. तुझ्या सासूबाईंनी मला विचारलं, "अगं, लवकर का नाही नेलं?" मी म्हटलं, "दादा नको म्हणाला." एकदाच म्हटलं. पुढचं गावाने केलं. त्यांनी बाळ तुझ्याकडे दिलं नाही आणि तुझ्या उंबऱ्याला पाय लावला नाही. तू समोरच्या गल्लीत राहून आपल्या मुलीला फाटकातून बघायचास. आणि मी आठ महिन्यांनी पुढच्या शिक्षणाचं नाव करून निघाले. गावाने वेशीपर्यंत येऊन मला निरोप दिला. भावाच्या हट्टापायी पोरीचं मन उडालं, असं म्हणत बायका रडल्या. तूही आला होतास. माझी पेटी तूच उचललीस.

भिंगरी बारा वर्षांची झाल्यावर मी तिला शिकायला माझ्याकडे आणलं, तेव्हा लोक म्हणाले, आत्या असावी तर अशी.

मला ती दिसत नाही, दादा. लोकांना मेलेली माणसं दिसतात म्हणे, मला वहिनी कधी दिसली नाही. तळघरात थंड कपाटांची घरघर मधेच थांबते. यंत्रच तसं आहे, दर वीस मिनिटांनी अर्धा मिनिट थांबतं. त्या अर्ध्या मिनिटात ती बोलते. ती रागावली असती तर मी सोसलं असतं. ती माझीच बाजू घेते. वन्सं म्हणतात ना, मग थांबा की. एवढी वर्षं, दर वीस मिनिटांनी, ती कुणाला तरी समजावते आहे की माझ्यावर विश्वास ठेवा.

त्या खोलीत आपण तिघं होतो. एक गेली. एकाला मी विसरायला लावलं. म्हणून हे लिहून ठेवते आहे. तू नकार दिला नव्हतास. तू दोनदा गाडी आणू का म्हणून विचारलंस.

धाकटी


२२ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र आलं. सहा ओळी. मी पाठ केल्या आहेत, तरी पुन्हा लिहून काढते, म्हणजे मी त्यात काही मऊ करून वाचत नाही ना हे मलाच कळेल.

"पत्र मिळालं. तीनदा वाचलं. चोवीस वर्षं रोज मी ती दुपार आठवून बघितली आणि त्यात मी नाही म्हणालेला मला सापडला नाही. मला वाटायचं, माझ्यात काहीतरी वाईट आहे, जे मलाही दिसत नाही. तुला काय बोलू ते समजत नाही. सासूबाई शहाऐंशीच्या आहेत. त्यांना येऊन सांग. लवकर ये."

शेवटी सहीसुद्धा नाही. सहीचा तुला कंटाळा आला असेल तर मी समजू शकते.

मी येते. दहा मार्चला रविवार आहे, सकाळच्या बसने.

भिंगरीलाही सांगितलं. तुझं पत्र यायच्या आधीच सांगितलं, नाहीतर तू सांगितलंस म्हणून मी सांगितलं असं झालं असतं. ती सोफ्यावर बसून काहीतरी शिवत होती. सगळं ऐकून घेतलं. मग तिने सुई कापडात नीट खोचली आणि आत जाऊन कपडे भरायला लागली. दारात मला म्हणाली, "मी बाबांना 'सोयीस्कर विसरले' म्हटलं होतं. तेव्हा तू समोर उभी होतीस." मी म्हटलं, "हो." ती मैत्रिणीकडे राहायला गेली. माझे फोन घेत नाही.

आणखी एक. मी आरोग्य खात्याच्या कार्यालयात गेले होते. तो कागद काढा, त्यात दुरुस्ती करायची आहे, माझं लेखी निवेदन जोडा, असं म्हणायला. खिडकीतल्या माणसाने साल विचारलं आणि चष्म्यावरून बघितलं. "बाई, तितकं जुनं दप्तर कधीच नष्ट केलं. दहा वर्षांवर आम्ही काही ठेवत नाही." मी विचारलं, मग दुरुस्ती कुठं करायची? तो म्हणाला, "आता नाहीच आहे तर दुरुस्त काय करणार? सुटलात तुम्ही." चांगल्या मनाने म्हणाला. तरी निवेदन मी टपालाने पाठवून दिलं आहे. त्याचं ते काय करायचं ते करोत.

म्हणजे तो कागद चौदा वर्षांपूर्वीच गेला. आणि त्यानंतरही तो तू एवढी वर्षं सांभाळलास.

रविवारी तू बसस्टॉपवर येऊ नकोस. वाट मला माहीत आहे.

धाकटी


१३ मार्च

दादा,

सासूबाईंकडे तू माझ्याबरोबर अंगणापर्यंत आलास. पुढे काय झालं त्यातलं अर्धं तुला ठाऊक आहे. तू आत गेल्यावर बाहेर काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

आधी तुला ठाऊक आहे तेच, कारण ते मला एकदा लिहायचं आहे. सासूबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. मला बघून त्यांचं तोंड उजळलं. "धाकटी आली का," म्हणाल्या, आणि माझा हात धरला. तू फाटकाशी थांबलास, तुझ्या नेहमीच्या जागी. मी माझा हात सोडवून घेतला. हात धरून ते सांगता आलं नसतं. आणि उभ्यानेच सांगितलं. सव्वाबारापर्यंत आले तेव्हा त्या म्हणाल्या, "थांब, मला कमी ऐकू येतं, परत सांग." मी परत सांगितलं, मोठ्याने. शेजारच्या घरातल्या बायका बाहेर आल्या. त्यांच्यासमोर सांगितलं. "दादाने गाडी आणू का म्हणून विचारलं. दोनदा. मी नको म्हणाले. मग कागदावर त्याचं नाव घातलं."

त्यांना नीट ऐकू आलं होतं, दोन्ही वेळा. मला ते त्यांच्या डोळ्यांवरून कळलं. त्यांना ते दोनदा म्हणवून घ्यायचं होतं.

त्यांनी मला शिव्या दिल्या नाहीत. माझ्याकडे बघितलंच नाही. खुर्चीच्या दांड्याला धरून उठल्या, फाटकाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "जावईबापू, उन्हात का उभे? आत या."

तू हलला नाहीस. मग भिंगरी आतून आली. ती आदल्या दिवशीच आली होती, मला ठाऊक नव्हतं. तिने फाटक उघडलं आणि तुझ्या दंडाला धरून तुला नेलं. तू सुतार, दारं करण्यात तुझा जन्म गेला, आणि त्या एका दारातून आत कसं जायचं हे तुला समजत नव्हतं. वाकलास. चौकट उंच होती, तरी वाकलास.

मला कुणी आत बोलावलं नाही. बरोबरच होतं.

आता तुला माहीत नाही ते. मी अंगणात नळापाशी उभी राहिले. शेजारणी माझ्याकडे बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे बघत होते. त्यातली एक आपल्या वेळची, वहिनीच्या वर्गातली. ती म्हणाली, "आम्ही चोवीस वर्षं त्याच्याकडे साधं चौरंगाचं काम दिलं नाही गं." मी म्हटलं, "ठाऊक आहे." ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

मी निघाले. वळणावर मागून पावलं आली. भिंगरी.

"मी तुझ्याशी बोलत नाहीये," ती म्हणाली. "बसपर्यंत येते."

आम्ही दवाखान्यावरून गेलो. तू केलेला दरवाजा अजून आहे, बिजागरी गंजली आहे. तिने तिकडे मान वळवली नाही. स्टॉपवर आम्ही उभ्या राहिलो. मग तिने, जसं वॉर्डात मोठ्या डॉक्टरांना विचारावं तसं, विचारलं, "नाडी किती होती?"

"शहाण्णव. मग एकशे आठ."

"मी एकशे आठला हलवलं असतं."

"दुसरी कुणी असती तर मी शहाण्णवलाच हलवलं असतं."

तिने माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "म्हणजे आई होती म्हणून उशीर केलास?"

"माझी म्हणून. माझं गाव, माझी वहिनी. परकी बाई पुलापलीकडे पाठवताना मला नुसतं वाईट वाटलं असतं. हिला पाठवलं असतं तर गावापुढे मी लहान ठरले असते."

ती रस्त्याकडे वळली. मग म्हणाली, "मी जागा निवडली. फॉर्म भरून टाकला." मी कुठली म्हणून विचारलं नाही. मला वाटलं, आता ती आपलं गाव म्हणणार, बापाजवळ राहीन म्हणणार. ते ऐकायची माझी तयारी नव्हती आणि नको म्हणायचा मला हक्क नव्हता.

"डोंगरापलीकडचं गाव," ती म्हणाली. "इथून बसने दीड तास. तिथलं बोलणं मला कळतं, आणि तिथं मला कुणी खांद्यावर घेतलेलं नाही. बाबा माझ्याकडे राहायला येणार आहेत. मी विचारलं, ते हो म्हणाले. तिथल्या दवाखान्याला खाटा नाहीत, ते करतो म्हणाले."

दादा, तू हो म्हणालास हे मला तिच्याकडून कळलं. तुझ्याकडून कळावं एवढं माझं काही उरलेलं नाही, पण कळलं, आणि मी स्टॉपवर उभ्या उभ्या रडले. तिने रडू दिलं. जवळ आली नाही.

बस आली. मी चढताना ती म्हणाली, "पहिल्या वर्षी मला भीती वाटेल. कुणाला हलवायचं आणि कुणाला नाही, हे विचारायला मी तुला फोन करीन. तेवढंच. बाकी बोलणार नाही."

मी म्हटलं, "कधीही कर."

"आणि मी विचारलं की थांब म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार."

बस गावातून वळसा घालून जाते, तुझ्या सासूबाईंच्या गल्लीच्या तोंडावरून, आणि तिथं समोर गुरं आली म्हणून ती थांबून राहिली. मी खिडकीशी होते. दार उघडंच होतं. पायरीवर तुझ्या चपला होत्या, एक सरळ आणि एक पालथी, आणि आतून तुझा आवाज येत होता. काय बोलत होतास ते ऐकू आलं नाही. पण बराच वेळ तूच बोलत होतास.

धाकटी